गुलाबी भिंतीचं पाणी

मी सावळी आहे. सावळी हा शब्द आमच्याकडे पाहुण्यांसमोर वापरायचा. घरात सरळ काळी म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आई गोरीपान, अप्पा काळेकुळकुळीत, आणि मी जन्मल्या दिवसापासून अप्पांच्या पक्षात. मी बी.ए. झाले, शाळेत शिकवायला लागले, आणि माणसाचा रंग बघू नये, गुण बघावेत, हे वाक्य शुद्धलेखन म्हणून मुलांकडून अनेकदा लिहूनही घेतलं. थोडक्यात, माझे विचार फार उच्च होते. एका उन्हाळ्यात ते सगळे चुन्याच्या पिपात बुडाले, त्याची ही गोष्ट.

लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेला कागद घेऊन जायची कटकट संपली म्हणून गाव खुशीत होतं. पण जिल्हा आला तो एकटा आला नाही, सोबत कचेऱ्या घेऊन आला आणि त्यांना बसायला जागाच नव्हती. ज्याच्याकडे चार भिंती होत्या त्याच्याकडे सरकार आलं. आमच्या शाळेच्या शेवटच्या दोन खोल्यांतही एक कचेरी आली. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही पाढे म्हणायचो, पलीकडे टाइपरायटर वाजायचं. बाहेरगावाहून आलेल्या कारकुनांना राहायला खोल्या मिळत नव्हत्या. कुणी लॉजवर पडला होता, कुणी लांबच्या नात्यातल्या मावशीकडे, आणि दोघंतिघं तर रात्री कचेरीतलीच टेबलं जोडून झोपत, असं आमचा शिपाई सांगायचा.

त्यातला एक कारकून नांदेडचा होता. मधल्या सुट्टीत आमची पोरं त्याच्या खिडकीत लोंबकळायची आणि तो त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचा. फायलीवरून नजर न काढता एका हाताने पेन्सिल घ्यायची, ब्लेडने टोक काढायचं, फुंकर मारायची आणि परत द्यायची. पोरं मुद्दाम टोकं मोडून जायची. हे त्याला कळत होतं, तरी तो काढून द्यायचा. आमचं बोलणं एवढंच की कधी तो दारात येऊन "बाई, खडू आहे का?" असं विचारायचा आणि मी द्यायचे. सरकारला एवढा खडू कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नाही. मला तो आवडायचा. इथे सरळ लिहून टाकते, कारण तेव्हा कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचंच स्थळ सांगून आलं. अप्पांचं गोलाईच्या बाजारात किराणा दुकान होतं. तिथे नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांना स्थळं जुळवायची हौस होती. ते म्हणाले, "पोरगा नांदेडचा हाय, आपल्यातलाच. हितं नव्या हापिसात हाय. त्याच्या आईला घेऊन येतो." अप्पांनी घरी येऊन सांगितलं, कचेरीचं नाव सांगितलं, आणि मी हातातला तांब्या खाली ठेवायचा सोडून भलत्याच फडताळात ठेवला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं घडत होतं की जे घरच्यांना पाहिजे तेच मलाही पाहिजे होतं. हे जुळावं, एवढं एकच मला हवं होतं.

त्याने मला वर्षभर पाहिलं होतं. खडूने पांढरी झालेली पाहिली होती, पोरांवर ओरडताना पाहिली होती. त्यामुळे त्याची मला काळजी नव्हती. प्रश्न त्याच्या आईचा होता.

बातमी कळताच उदगीरहून आत्या आली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. कानडी मुलखाच्या काठावर राहून तिच्या बोलण्यात कानडी शब्द मिसळले होते आणि स्वभावात सेनापती. तिने आल्या आल्या पायसुद्धा न धुता बैठकीची खोली पाहिली. पाय धुवायला पाणी नव्हतं, हेही खरंच. दुष्काळ होता. नळाला पाणी येणं ही दिवाळीसारखी गोष्ट झाली होती, वाट बघायची आणि ते आलं की गल्लीभर ओरडत सुटायचं. एरवी गल्लीच्या टोकाला हापसा होता, त्याच्यावर सगळी गल्ली जगत होती.

"हे काय भिंतीचं तोंड हाय?" आत्या म्हणाली. "हितं बसवून दाखवताव पोरगी?"

भिंती खरंच मळकट होत्या. कधीकाळी पांढऱ्या असाव्यात, पण आता त्यांना रंग असा नव्हता. पाहुणे येण्याआधी खोली रंगवायची हे ठरलं. कोणता रंग, यावर मात्र आमचं घर उभं फुटलं.

आत्याचा सिद्धान्त होता. "काळ्या पोरीला फिक्कट भिंतीपुढं बसवू नी. आनखी काळी दिसती. भिंत पोरीहून काळी पायजे, म्हंजी पोरगी उजळ दिसती." तिला मोरपंखी हवा होता, गडद, जवळजवळ निळा. पुरावा म्हणून तिने तिथेच जेवत बसलेल्या अप्पांकडे बोट दाखवलं. "ह्याच्या कपाळावरची विभूती बघ की. गोऱ्याच्या कपाळावर दिसती का अशी? काळ्यावर कशी उठून दिसती!" अप्पांनी घास हातात धरून मान डोलावली. त्या हिशेबाने मी विभूती होते आणि भिंत म्हणजे अप्पांचं कपाळ, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

आईचा सिद्धान्त बरोबर उलटा. तिला गुलाबी हवा होता, अगदी फिका. "वन्सं, लग्नाच्या मांडवाचं कापड गुलाबी असलं की बघा, वऱ्हाडातलं समदं मानूस गोरं दिसतंय. गुलाबीचा उजेड तोंडावर पडतो." आईने लग्नं पुष्कळ पाहिली होती. आत्यानेही. दोघी दोन दिवस एकमेकींना वेगवेगळ्या लग्नांचे दाखले देत होत्या.

मी काय करत होते? मी कोपऱ्यात बसून वाचत होते आणि अधूनमधून म्हणत होते, "हा सगळा मूर्खपणा आहे." पुस्तकाचं पान मात्र मी बराच वेळ उलटलं नव्हतं.

रंगारी आला तो उपकार केल्यासारखा. नवा जिल्हा झाल्यापासून रंगाऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. सगळ्या कचेऱ्या रंगायच्या होत्या, सायबांचे बंगले रंगायचे होते. "सायबाचं काम टाकून आलोय," असं तो दारातच म्हणाला, आणि जाईपर्यंत दर थोड्या वेळाने म्हणत राहिला. कोणता रंग चांगला, असं त्याला विचारलं तर म्हणाला, "दोनी चांगले. मी दोनी देतो." मग आत्यानेच तोडगा काढला. भिंतीवर शेजारीशेजारी दोन चौकोन रंगवायचे, दाराच्या फळीएवढे, आणि मला आळीपाळीने त्यांच्यापुढे उभं करायचं.

एवढं झाल्यावर एखाद्या शिकलेल्या मुलीने चपला घालून मैत्रिणीकडे निघून जावं. मी केस विंचरले आणि जाऊन उभी राहिले.

संध्याकाळची वेळ होती. आई, आत्या आणि शेजारची काकू समोर सतरंजीवर बसल्या, जणू तमाशालाच आल्या होत्या. "मोरपंखीपुढं हो." मी झाले. "आता गुलाबीपुढं." झाले. "मान वर कर. हास जरा. एवढं नको हासू." मग पुन्हा मोरपंखी. काकू म्हणाली, "हितं नाक चांगलं दिसून राहिलं." आत्या म्हणाली, "लई छलो!" छलो म्हणजे कानडीत छान. आई म्हणाली, "नाक हितं बी तेच हाय, वन्सं." साडी बदलून बघू, असं कुणीतरी काढलं आणि मी साडी बदलून आले. अप्पा दुकानातून आले, त्यांनाही बसवलं. त्यांनी दोन्ही चौकोनांपुढची मी नीट पाहिली, डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "पोरगी चांगलीच हाय की." त्यावर दोघी नणंदभावजया एकदम म्हणाल्या, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

शेवटी मी आरसा मागितला. हातात धरायचा, कडेला टवके उडालेला. मोरपंखीपुढे मला आरशात दोन डोळे आणि दात दिसले, बाकीचं अंदाजाने समजून घ्यायचं. मग गुलाबीपुढे सरकले आणि खोटं कशाला सांगू, हरखून गेले. तोंड असं उजळलं होतं की मला मीच ओळखू येईना. गालावर चक्क लाली होती. दारातून मावळतीचं ऊन थेट त्या चौकोनावर आणि माझ्या तोंडावर पडत होतं, हा साधा मुद्दा माझ्या बी.ए.च्या डोक्यात त्या क्षणी शिरला नाही. पाहुणे सकाळी येणार होते, हाही नाही.

"गुलाबी," मी म्हणाले.

"बाई, एक बघा," रंगारी म्हणाला. "मोरपंखी ऑइलपेंट हाय, त्याला पान्याचा थेंब लागत न्हाई. गुलाबी चुन्यातला हाय. भिंती घासून धुवाव्या लागत्यात, चुना भिजवावा लागतो, भिंत वली करून हात द्यावा लागतो. पानी लई लागल. कुठून आनताव?"

आत्याच्या चेहऱ्यावर विजय पसरायला लागला. आईसुद्धा मान खाली घालून म्हणाली, "र्‍हाऊ दे मंग. मानसाला प्यायला न्हाई, भिंतीला कुठून पाजायचं."

तेव्हा मी म्हणाले, "मी आणते पाणी."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एरवी पिण्याची एक घागर आण म्हटलं की मला तपासायचे पेपर आठवायचे. आईने तर हात लावून माझं कपाळ बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हापशावर. तिथला एक कायदा होता, कुणी लिहिलेला नव्हता पण मोडायची कुणाची टाप नव्हती. सकाळचं पाणी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं, त्यानंतरचं कपड्याभांड्याचं आणि जनावरांचं. भिंतीचं पाणी ही नवीच जात मी घेऊन गेले होते. रांगेतल्या बायकांनी जरा विचार केला आणि निकाल दिला, "मास्तरीणबाई, भिंतीला काय तहान लागून मरायची हाय का? तुमी दुपारी या." दुपारी म्हणजे भर बारानंतर, वैशाखात, जेव्हा गल्लीतलं कुत्रंसुद्धा गटारीच्या कोरड्या पाटात जाऊन निजायचं.

म्हणून मी दुपारी जायचे. हापसा आधी कोरडाच खाकरायचा. दांडा मारून मारून खांदे निघून यायचे, मग करंगळीएवढी धार. घागर भरली की डोक्यावर घेऊन घरी, पिपात ओतायची, परत. रंगारी बिडी ओढत सावलीत बसून म्हणायचा, "आनखी लागल." भिंती पाणी अशा प्यायच्या की बघत राहावं. ओतलं की गेलं. नीट आंघोळ मला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती, भिंतींना मात्र रोज.

आणि मी रापले. हे व्हायचंच होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं, फक्त मला दिसत नव्हतं. मी डोक्यावरून पदर घ्यायचे, पण घागर उचलली की तो सरकायचा. बरं, दुपारचं तोंड काळवंडतं म्हणून रात्री मी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि हळद लावायचे. लावल्यावर ध्यानात यायचं की धुवायला पाणी नाही, आहे ते भिंतीचं. मग ते पीठ कोरड्या फडक्याने खरवडून काढायचं. दोनतीन दिवसांत माझं तोंड काळं तर होतंच, वर पिवळंही झालं आणि त्यावर बारीक पुरळ आलं.

एका दुपारी हापशावर एक म्हातारी शेळीसाठी पाणी न्यायला आली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "पोरी, रोज कशाला येऊन राहिलीस गं उनात?"

"घर रंगवतोय, आजी. मला बघायला पाहुणे येणार आहेत."

ती दात नसलेल्या तोंडाने मनापासून हसली. "म्हंजी भिंत गोरी करून राहिलीस आन् तू काळी!"

मला राग आला. राग येण्याचं कारण ती खोटं बोलत होती हे नव्हतं. पण म्हणून मी थांबले का? रंगाचा दुसरा हात अजून बाकी होता. मी घागर उचलली आणि निघाले.

खोली मात्र झाली ती देखणी. ओला असताना भडक वाटणारा रंग वाळला तसा फिका, मऊ गुलाबी झाला. आम्ही दारात उभं राहून बघायचो. आत्यासुद्धा म्हणाली, "खोली तर छलो झाली." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. आत्याने वाक्य गिळलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, त्यावरून मला माझ्या तोंडाची कल्पना यायला हवी होती.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. लाकडी हाताची खुर्ची गुलाबी भिंतीला लागून, खिडकीच्या बाजूला. मी तिथे बसायचं, अर्धं तोंड उजेडात. पाहुणे समोर सतरंजीवर. मी बशा घेऊन येणार, त्या देऊन झाल्या की आत्या म्हणणार, "बस गं, खुर्चीवर बस." सगळं ठरलं.

सकाळी पाहुणे आले. मध्यस्थ, मुलगा आणि त्याची आई. बाई उंच, करारी, आणि रंगाने म्हणाल तर माझीच थोरली बहीण शोभली असती. ती आत आली, खोलीभर नजर फिरवली, "वा, हवेशीर हाय," म्हणाली आणि सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसली.

आत्या पुढे झाली. "तिथं झळ लागती हो, हिकडं बसा की निवांत."

"न्हाई, माझं गुडघं दुखत्यात. खाली बसवत न्हाई. हितंच बरं हाय."

मी सुशीलाच्या बशा घेऊन बाहेर आले. आमच्याकडे पोह्यांपेक्षा चुरमुऱ्यांचा सुशीला, आणि आईच्या हातचा तर गल्लीत नावाजलेला. बशा देताना मी त्या बाईकडे पाहिलं. गुलाबीचा उजेड तिच्या तोंडावर असा काही पडला होता की आईचा सिद्धान्त शंभर टक्के खरा निघाला. ती गोरी दिसत होती. माझ्या डोक्यावरून वाहिलेलं सगळं पाणी तिच्या गालांवर झळकत होतं.

मला बसायला जागा उरली ती समोर, कोठीच्या दाराशी. त्या दाराला पडदा नव्हता म्हणून आईने मुद्दाम धुतलेली पांढरीशुभ्र चादर लावली होती. आत्याच्या सिद्धान्ताप्रमाणे त्या घरात माझ्यासाठी याहून वाईट जागा नव्हती. मी बसले, आणि आत्याने डोळे मिटले.

नेहमीचे प्रश्न झाले. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. मग त्याच्या आईने विचारलं, "हिकडं पान्याचं कसं हाय? नांदेडला आमच्या नदी तरी हाय."

"हापशाचं आनतो," आई म्हणाली आणि माझं कौतुक करायची संधी साधली. "आमची पोरगीच आनती समदं."

आत्याला वाटलं, हीच वेळ. "म्हनून तर उनानं रापली जरा. मुळात अशी न्हाई ती."

तेव्हा त्याने मान वर केली. इतका वेळ तो बशीतले शेंगदाणे एका बाजूला सारत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मुळात मी कशी आहे हे त्या खोलीत आत्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. शाळेतली ओळख, खडू, पोरं, काहीही एखादं वाक्य तो बोलू शकला असता. "बाईंना मी ओळखतो," एवढं म्हटला असता तरी चाललं असतं. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

त्याने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "रंग नवा दिसून राहिला."

"हाव, परवाच दिला," अप्पा आनंदाने म्हणाले. मग त्याच्या आईने रंगारी कोण, चुन्यात डिंक घातला का, हाताला लागतो का, असं सगळं विचारलं आणि भिंतीवर तळहात फिरवून बघितला. माझ्याबद्दल तिला आणखी काही विचारायचं नव्हतं.

आठवडा गेला. मध्यस्थ आले तेव्हा मी आत चुलीपुढे भाकरी थापत होते. मधलं दार लोटलेलं होतं, पण आमच्या दारांनी आजवर कुठला आवाज अडवला नाही. खोलीत आई, अप्पा आणि अजून मुक्काम हलवायला तयार नसलेली आत्या.

"पोरगी चांगली हाय," मध्यस्थ म्हणाले. "शिकलेली हाय, घर बी चांगलं हाय. पन योग न्हाई म्हनाले."

योग नाही म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. कुणाचा दोष नाही, वरच्याचीच मर्जी, असा तो अर्थ असतो आणि खरा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. मग आत्याची कुजबुज ऐकू आली, "मी आधीच सांगत होते, मोरपंखी..." आणि आईचं "वन्सं, गप बसा हो."

मी भाकरी तव्यावर टाकली. मला रडू येत नव्हतं. मी फक्त त्याची ती पेन्सिलीवर फुंकर मारायची लकब आठवत होते आणि स्वतःला सांगत होते की आठवू नकोस.

मध्यस्थ मात्र उठेनात. खाकरले, चहा झाला का म्हणून विचारलं, पुन्हा खाकरले. "दुसरी एक गोष्ट हुती. पोराला ऱ्हायला जागा न्हाई हो. नव्या जिल्ह्यात खोली कुठं मिळून राहिली? त्याच्या आईला तुमची ही खोली लई पसंद पडली. रंग बिंग एक नंबर म्हनाल्या. भाड्यानं देताव का, इचारा म्हनाल्या."

मी मोठ्याने हसले. खरंच हसले, बाहेर ऐकू जाईल इतकं. ज्या खोलीसाठी मी जळत्या उन्हात पाणी वाहिलं, ती खोली बघण्याच्या कार्यक्रमात पास झाली होती. तिच्यात योग होता. मी हसत राहिले आणि हसता हसता केव्हा हुंदके यायला लागले ते मला कळलं नाही. पिठाचे हात तोंडाला लावता येईनात, म्हणून तशीच बसून राहिले.

दार उघडून अप्पा आत आले. ते असे चुलीपाशी कधी येत नसत. आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"मी तुझ्याहून काळा हाय," ते म्हणाले. "तुझ्या आईला बघाया गेलो तवा मला कुनी भिंतीपुढं उभं केलं न्हवतं. कुनी इचारलं बी न्हाई. आन् मी तुला उभं केलं. वर तुला बघत बी बसलो."

तुम्ही नाही, अप्पा, मीच जाऊन उभी राहिले, आरसा मीच मागितला, असं मला म्हणायचं होतं. पण मी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, गुडघ्यावर जोर देऊन उठले आणि बाहेर गेले.

अप्पा म्हणजे दुकानात माल नसला तरी "येतो की, उद्या येतो" म्हणणारा माणूस. मागायला आलेल्याला तोंडावर नकार देणं त्यांना जमत नसे, आई त्यावरून त्यांच्याशी जन्मभर भांडली. त्यामुळे मला वाटलं, आता ते खोली देणार. मी तव्यावरची भाकरी उतरवून दाराला कान लावला.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"कामून हो?" मध्यस्थांनी विचारलं. "खोली तर रिकामीच हाय."

"हाय रिकामी," अप्पा म्हणाले. "पन योग न्हाई."

मध्यस्थांच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गल्लीत गेला. अप्पांनी कुणाला नाही म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि पहिल्यांदा म्हटलं ते माझ्यासाठी.